पंपावरची रोकड आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर : एका खरेदीची हकिगत

या प्रकरणातल्या गृहस्थांना नाना म्हणू. वय अठ्ठावन्न. जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका तालुक्यात त्यांचा पेट्रोल पंप आहे, थोडी केळीची बाग आहे, आणि सासुरवाडी बऱ्हाणपूरला. पंपावर दिवसाकाठी बऱ्यापैकी रोकड जमते. ट्रॅक्टरवाले, केळीचे ट्रकवाले अजून नोटाच काढतात. ही रोकड रोज दहा-बारा किलोमीटरवरच्या बँकेत जायची, बहुतेक वेळा नानांच्या मोटारीतून आणि कधी पुतण्याच्या मोटारसायकलवरून. एका संध्याकाळी दोन मोटारसायकली बराच वेळ मागे राहिल्या, पुढे नाक्यावर पोलिसांची गाडी दिसल्यावर वळून गेल्या. नानांनी तक्रार नोंदवली, तिची प्रत, बँकेच्या भरणा पावत्या आणि पंपाची कागदपत्रं जोडून शस्त्र परवान्याचा अर्ज केला. पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल आधी जातो. मंजुरीला वेळ लागला, पण मिळाली. 2024 च्या सुरुवातीला परवाना हातात घेऊन ते माझ्याकडे आले, कारण मी रायफल क्लबात नव्या माणसांना हत्यार हाताळायला शिकवतो.

पहिलाच प्रश्न असा होता : "सर, स्वस्तात मस्त आणि दगा न देणारं कोणतं घेऊ? रोज कमरेला लावायचंय."

प्रश्न सरळ वाटतो, पण त्यातल्या 'स्वस्त', 'दगा न देणारं' आणि 'रोज' या तिन्ही मागण्यांचा आपल्याकडचा अर्थ अमेरिकन व्हिडिओंत दिसतो त्याहून पार वेगळा आहे. नानांच्या पुतण्याने असे व्हिडिओ बरेच पाहिले होते. त्याच्या मोबाइलात ग्लॉक, सिग, स्मिथ अँड वेसनच्या नऊ मिलिमीटरच्या छोट्या पिस्तुलांची यादी तयार होती. ती यादी मी आधी बाजूला ठेवायला लावली. नऊ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे. सैन्य-पोलिसांचा तो बोअर. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येतात ते .32 आणि .22 सारखे अप्रतिबंधित बोअर. परदेशी हत्यारांची खाजगी आयात तर 1980 च्या दशकाच्या मध्यापासूनच बंद आहे. त्यामुळे बाजारात एखादं जुनं वेब्ली अँड स्कॉट किंवा वॉल्थर निघालंच, तर ते चाळीस वर्षांहून जुनं असतं आणि भाव लाखांत बोलला जातो. लोक ते मिरवायला घेतात. जुन्या स्प्रिंगा आणि न मिळणारे सुटे भाग यांवर रोजचा जीव टाकावा असं मला कधी वाटलं नाही.

"सर, पलीकडून येतात ना..." असं पुतण्या अर्धवट बोलला. सातपुड्याच्या पलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या जळगावकरांना रोजच्या आहेत. विषय निघालाच म्हणून स्पष्ट सांगितलं : विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि वर दंड. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, त्या नळीची दाबचाचणी कुणी केलेली नसते. कारखान्यातल्या प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून मग शिक्का मारतात; कट्ट्यात तो जास्त दाब सोसायची पाळी वापरणाऱ्याच्या हातावर येते. नाना पुतण्याकडे नुसते बघत राहिले. तो विषय तिथेच संपला.

मग राहिलं काय? सरकारी कारखान्यांचा माल, आणि अलीकडे परवाने मिळालेल्या काही खाजगी कंपन्यांचा. नानांच्या आवाक्यात आणि आमच्या भागातल्या दुकानांत सहज मिळण्याजोगे पाच पर्याय आम्ही समोर मांडले.

कानपूरचं जुनं .32 रिव्हॉल्व्हर, ज्याला सगळे 'ऑर्डनन्सचं बत्तीस' म्हणतात. ते ब्रिटिश वेब्ली मार्क 4 च्या धर्तीवर बनलेलं आहे. खटका दाबून मधून मोडतं, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडतं, सहा काडतुसं घेतं, वजन सुमारे 700 ग्रॅम. दुसरं 'निर्भीक'. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर, जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ते आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन 500 ग्रॅमच्या आसपास, आणि तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. बाईच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून गाजावाजा झाला, पण त्या किमतीला ते किती बायकांच्या पर्समध्ये गेलं असेल हे वाचकांनीच ठरवावं. तिसरं 'निडर', .22 बोअरचं, जेमतेम 250 ग्रॅमचं, बाजारात आलं तेव्हा 35 हजारांच्या घरात. चौथं कोलकात्याच्या काशीपूर कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल : .32 बोअर, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, चपटं. पाचवं ऑगस्ट 2023 मध्ये आलेलं 'प्रबल' : सिलिंडर (काडतुसांची घरं असलेला फिरता गोल) बाजूला उघडणारं .32 रिव्हॉल्व्हर, 76 मिलिमीटरची नळी, वजन 700 ग्रॅम. 'पन्नास मीटर पल्ल्याचं' अशी त्याची जाहिरात झाली.

या पन्नास मीटरबद्दल आधीच बोलून टाकतो. स्वतःच्या बचावासाठी बाळगलेल्या हत्याराला पन्नास मीटरचा पल्ला असणं हा गुण असेल, पण ग्राहकाला त्याचा उपयोग शून्य. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून 'माझा जीव धोक्यात होता' हे न्यायाधीशांपुढे कोण पटवून देणार? झटापट होते ती हातभर ते पाच-सात मीटर अंतरात. म्हणून पल्ल्याचा रकाना आम्ही कोरा ठेवला.

'निडर' स्वस्त आणि हलकं, त्यामुळे नानांची नजर आधी तिकडेच गेली. पण .22 चं काडतूस कडेवर ठोकून पेटतं. कडेत भरलेला मसाला गोलभर सारखा पसरेलच असं नसतं, त्यामुळे मधोमध पेटवणारी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा त्याचे बार चुकण्याचं प्रमाण जास्त. सरावाला उत्तम, भरवशाला नाही. ते यादीतून गेलं.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

खरी रस्सीखेच इथे झाली. पुतण्या 'अशनी'च्या बाजूने. आठ गोळ्या, अंगाला चिकटून बसतं, शर्टाखाली दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर दिसायला झकास. .32 च्या पिस्तुलाचं काडतूस वेगळं, रिव्हॉल्व्हरचं वेगळं. बोअरचा आकडा एकच असला तरी एकाचं दुसऱ्यात चालत नाही. ताकदीत फरक फारसा नाही. पिस्तुलाची गोळी हलकी आणि थोडी वेगवान, रिव्हॉल्व्हरची जड आणि संथ. दोन्ही नऊ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी जोराच्या. हे ऐकून नाना जरा हिरमुसले. दोन्ही काडतुसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली आहेत, 1896 आणि 1899 ची. कायद्याने जे दिलंय त्यात भागवायचं. उलट याचा एक फायदा आहे : धक्का सौम्य बसतो, त्यामुळे साठीतल्या माणसाचंही दुसऱ्या बारापर्यंत लक्ष्य सुटत नाही.

पिस्तुलाविरुद्ध माझा मुद्दा वेगळा होता, आणि या सगळ्या प्रकरणाचं मर्म मला तोच वाटतो. स्वयंचलित पिस्तूल भरवशाचं आहे की नाही, हे ते वापरल्याशिवाय कळत नाही. अमुक मॅगझिन, अमुक बनावटीचं काडतूस आणि अमुक माणसाची पकड, या तिघांचं जमायला हवं. पकड ढिली पडली तरी सरकपट्टी, म्हणजे नळीवरची मागेपुढे सरकणारी पट्टी, पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी तोंडातच अडकते. परदेशात लोक नवं पिस्तूल घेतलं की दोन-तीनशे गोळ्या उडवून खातरजमा करतात, मगच कमरेला लावतात. इथे नानांच्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली आहे : एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची. त्यात प्रत्येक काडतुसाची किंमत खिशाला जाणवते, दुकानात दर वेळी माल असेलच असं नाही, आणि काही ठिकाणी रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेबही मागतात. दोन-तीनशे गोळ्यांची खातरजमा करायला नानांना वर्षं लागली असती. मग तोवर कमरेला लावलेल्या पिस्तुलावर विसंबायचं कशाच्या जोरावर?

रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. एखादा बार चुकला तर चाप पुन्हा ओढायचा. सिलिंडर फिरतो, नवं काडतूस समोर येतं. पिस्तुलात चुकलेला बार म्हणजे दुसऱ्या हाताने सरकपट्टी ओढून ते काडतूस बाहेर फेकणं, आणि हा डाव शेकडो वेळा गिरवल्याशिवाय घाबरलेल्या हाताला जमत नाही. पन्नास काडतुसांच्या सरावात ज्याच्यावर विश्वास बसू शकतो ते रिव्हॉल्व्हर, हा माझा हिशेब. अमेरिकेत राहणाऱ्या, दर शनिवारी रेंजवर जाणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने हा प्रश्न विचारला असता, तर मी उलट सल्ला दिला असता.

पुतण्याला हे पटेना. शेवटी दुकानातच निकाल लागला. दुकानदाराने रिकामं 'अशनी' नानांच्या हातात दिलं आणि सरकपट्टी ओढायला सांगितली. अशा लहान पिस्तुलात बार होताना सरकपट्टी नळीशी जखडून ठेवायला कुलूप नसतं. नुसतं तिचं वजन आणि स्प्रिंगचा ताण यांवर काम चालतं, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. नानांचा अंगठा आणि तर्जनी पट्टीच्या खाचांवर बसली, थोडी मागे आली, आणि घामाने निसटली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर. तिसऱ्यांदा त्यांनी पिस्तूल पोटाशी धरून, अंग वाकवून पट्टी ओढली. तेव्हा नळीचं तोंड थेट पुतण्याच्या गुडघ्याकडे होतं. दुकानदाराने काही न बोलता हळूच मनगट धरून नळी जमिनीकडे वळवली. नानांची बोटं सांध्यांत सुजलेली असतात, हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि अशी जुन्या धर्तीची पिस्तुलं जाणती माणसं चेंबर (नळीमागचं काडतुसाचं घर) रिकामं ठेवून बाळगतात. म्हणजे वेळ आली की दोन्ही हात मोकळे हवेत. नानांच्या एका हातात तर पैशांची बॅग असणार.

"बस्स," नाना म्हणाले, "हे तुझ्या वयाचं हत्यार आहे रे भाऊ."

रिव्हॉल्व्हरचाही चाप काही मऊ नसतो. घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) न चढवता सरळ ओढायचं म्हटलं तर पाच किलोच्या आसपास ओढ लागते. पण ती ओढ पूर्ण हाताची असते, चिमटीची नाही. नानांनी बोटाचं पहिलं पेर न लावता सांध्याजवळचा भाग चापावर ठेवला आणि सहाच्या सहा वेळा ओढून दाखवला.

तिघांतून एक

उरली तीन रिव्हॉल्व्हरं. 'निर्भीक' हलकं आणि गंजाला दाद न देणारं. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही. पंचेचाळीस अंशांत कमरेच्या पट्ट्याखाली घामाचं तळं होतं, आणि काळ्या पॉलिशचं पोलाद एका आठवड्यात तांबूस ठिपके दाखवू लागतं. 'प्रबल'चा बाजूला उघडणारा सिलिंडर मजबूत रचनेचा. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळा भार बिजागरी आणि वरच्या खटक्यावर येतो. मात्र .32 च्या सौम्य काडतुसाला ती रचना पुरून उरते, आणि मोडल्याबरोबर सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात ही तिची जमेची बाजू. शिवाय 'प्रबल' तेव्हा बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. कुठल्याही नव्या यंत्राच्या पहिल्या घाण्यात मी पैसे घालत नाही, मग तो ट्रॅक्टर असो की रिव्हॉल्व्हर.

जुन्या बत्तीसच्या बाजूने तीन गोष्टी होत्या. ते तिघांत सर्वांत स्वस्त होतं, लाखाच्या आतबाहेर. तालुक्याच्या पोलीस ठाण्यापासून दुकानातल्या कारागिरापर्यंत सगळ्यांना त्याची नाडी माहीत होती, सुटे भाग मिळत होते. आणि वजन. रोज बाळगायला हलकं बरं हे खरं, पण झाडताना जड बरं. 'निर्भीक' आणि बत्तीस यांच्या वजनात दोनशे ग्रॅमचा फरक आहे. चांगल्या जाड पट्ट्यावर तो जाणवत नाही, चाप ओढताना मात्र हात स्थिर ठेवतो.

नानांचा जीव तरी 'निर्भीक'मध्ये अडकला होता. मग मी त्यांच्यापुढे कागदावर दोन रकमा मांडल्या. 'निर्भीक' घेतलं तर पैसे हत्यारावरच संपत होते. बत्तीस घेतलं तर वाचलेल्या पैशांत चापाचा घेर पूर्ण झाकणारं पाकीट (होल्स्टर), दुहेरी चामड्याचा ताठ पट्टा, भिंतीत बसवायची छोटी पोलादी तिजोरी, क्लबाची वर्गणी आणि परवान्याच्या मर्यादेत बसतील तेवढी सरावाची काडतुसं येत होती. लोक लाखाचं रिव्हॉल्व्हर घेतात आणि तीनशे रुपयांच्या मऊ पट्ट्याला लटकवतात. मग ते बाहेर झुकतं, बरगडीला टोचतं, आणि महिन्याभरात घरच्या कपाटात जातं. कपाटातल्या हत्याराचा रस्त्यावर उपयोग काय?

नानांनी कागद दोनदा वाचला. पंपाचा धंदा त्यांनी पैशा-पैशाच्या फरकावर केलाय. निर्णय झाला.

दुकानात काय पाहिलं

आपल्याकडे दुकानात बार काढून बघायची सोय बहुधा नसते. तरी हातात घेऊन बरंच कळतं. आधी रिव्हॉल्व्हर मोडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री, तीही प्रत्येकाने स्वतः. मग घोडा अगदी सावकाश चढवत गेलो : सिलिंडर खटकन जागेवर बसला पाहिजे, घोडा पूर्ण चढायच्या आधी किंवा बरोबर, नंतर नाही. हे सहाही घरांसाठी केलं. दुकानदाराने पुढे केलेल्या पहिल्या नगात एका घराला सिलिंडर किंचित मागे राहत होता. अशा वेळी गोळी नळीच्या तोंडाशी कडेला घासते आणि शिशाचे कण फाकतात. तो नग परत दिला. दुसऱ्यात सगळी घरं बरोबर बसली. चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवून पाहिला, ढिलाई नाममात्र. वरचा खटका लावून नळी आणि मूठ दोन्ही हातांत धरून मुरगाळून पाहिली, कुरकुर नाही. नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून मागून पाहिलं. आत खाचा स्वच्छ, काळा डाग नाही. अनुक्रमांक पावतीवर आणि परवान्यावर एकच असल्याचं दोघांनी मोठ्याने वाचलं. हे शेवटचं काम क्षुल्लक वाटतं, पण पुढे परवाना कार्यालयात हत्यार दाखवताना एका आकड्याची चूक किती खेटे घालायला लावते ते ज्याने सोसलंय तोच जाणे.

जुनं घ्यायचा विचारही मध्येच निघाला होता. एक ओळखीचे शेतकरी आपलं हत्यार विकायला तयार होते. कायद्याने विकणाऱ्याने किमान पंचेचाळीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. नानांना तेवढं थांबायचं नव्हतं, आणि त्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मला आवडला नव्हता.

काडतुसांबद्दल थोडं. महाराष्ट्राचा या धंद्याशी खरा संबंध इथे येतो. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. .32 च्या पुंगळीच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसतात ती त्याचीच. काडतुसं घेताना खोक्यावरचं साल बघायचं आणि वर्षाच्या शेवटी कमरेची जुनी काडतुसं सरावात उडवून नवी भरायची, हा नियम नानांना घालून दिला. आमच्याकडच्या कितीतरी परवानाधारकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दहा-दहा वर्षांपूर्वीच्या त्याच सहा गोळ्या असतात. त्या तेलाने माखलेल्या असतात, कारण साफ करताना वरून तेल ओततात. ते टोपीत झिरपतं आणि बार फुसका जातो. फुसका बार हा रिव्हॉल्व्हरमधला खरा धोका. 'फट्' असा बारीक आवाज आला, हाताला धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते.

चामड्याच्या काडतूस-पट्ट्याचा नाद नानांना फार होता. सिनेमात असतो तसा. मी क्लबातला एक जुना पट्टा आणून दाखवला. त्यातल्या काडतुसांच्या पितळेवर चामड्याच्या कडेने हिरवा चिकट थर चढला होता, नखाने खरवडला तर पूड निघत होती. ते काडतूस सिलिंडरमध्ये घालायला गेलो, तर अर्ध्यावरच अडकलं. नाद सुटला.

रोज बाळगणं म्हणजे काय

खरेदीनंतर 'रोज'चा अर्थ कळायला लागला. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार पाकिटात आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं; उघडं लटकवून फिरणं म्हणजे परवाना धोक्यात. परवान्याच्या अटींत जत्रा, मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थांच्या आवारात न्यायची मनाई आहे. म्हणजे मुक्ताईनगरच्या यात्रेला नाही, नातीच्या शाळेच्या गॅदरिंगला नाही. लग्नात बार काढायची हौस असेल तर 2019 पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नानांचा परवाना महाराष्ट्रापुरता. बऱ्हाणपूर घरापासून तासाभरावर, पण मध्य प्रदेशात. सासुरवाडीला जाताना रिव्हॉल्व्हर तिजोरीत. पहिल्या महिन्यात ते एकदा विसरून निघाले होते, रावेर ओलांडल्यावर आठवलं आणि गाडी माघारी फिरवली. वहिनींनी दिवसभर ऐकवलं.

मग पंपाचं आवार. डिस्पेन्सर, भूमिगत टाक्या, त्यांचे वाफेचे पाइप : हा सगळा धोक्याचा टापू म्हणूनच आखलेला असतो. मोबाइलवर बोलू नका असं जिथे लिहिलंय तिथे गोळी झाडायची? नानांना मी सांगितलं की पंपावर कुणी चाकू दाखवला तर गल्ला देऊन टाका. पोरांनाही तसंच शिकवा. रिव्हॉल्व्हर फक्त पंप ते बँक या रस्त्यासाठी, आणि तेही जीव वाचवायला.

हा 'जीव वाचवायला' शब्द त्यांना कायद्याच्या भाषेत समजावून घ्यायचा होता, म्हणून आम्ही एका वकील मित्राकडे बसलो. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खाजगी बचावाचा हक्क आता तिच्या 34 ते 44 या कलमांत आहे, आधी दंड विधानाच्या 96 ते 106 मध्ये होता. जबरी चोरीत मालमत्तेच्या बचावासाठी प्रसंगी जीव घेण्यापर्यंत हक्क जातो, हे वाचून लोक छाती फुगवतात. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि चोर इजा, अडवणूक किंवा जिवाची तत्काळ भीती चालू ठेवतो तोवरच तो हक्क चालतो. बॅग हिसकावून पाठ करून पळणाऱ्या मोटारसायकलस्वारावर मागून गोळी झाडली तर बाजू उलटते. नानांना भीती होती ती नेमकी बॅग हिसकावण्याचीच. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते रिव्हॉल्व्हर घेत होते, त्यातल्या निम्म्या शक्यतांत ते काढताच येणार नव्हतं. हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात बँकेशी बोलून रोकड उचलणाऱ्या गाडीची सोय आठवड्यातून तीन दिवसांसाठी लावून घेतली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा खर्च तो होता.

आणि निवडणुका. जानेवारीत रिव्हॉल्व्हर आलं, 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. परवानाधारकांची छाननी समिती ठरवते कुणाचं हत्यार जमा करायचं. नानांना नोटीस आली, त्यांनी जमा केलं. जूनमध्ये परत मिळालं. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा जमा, नोव्हेंबरअखेर परत. पहिल्या वर्षातले चार महिने 'रोजचं' हत्यार पोलीस ठाण्याच्या कोठीत होतं. पहिल्यांदा ते तसंच, पाकिटासकट दिलं. परत आलं तेव्हा चामड्याच्या ओलीने नळीवर एका बाजूला गंजाची रेघ उमटली होती. बारीक पोलादी लोकर आणि तेलाने ती निघाली, काळं पॉलिश मात्र तेवढ्यापुरतं गेलं. दुसऱ्यांदा पाकीट घरी ठेवून, आतबाहेर ग्रीस चोपडून, कापडात गुंडाळून दिलं आणि पावतीवर अनुक्रमांकाबरोबर 'वस्तू सुस्थितीत' असं लिहून घेतलं.

सराव मात्र नानांनी चुकवला नाही. घरी तालमीची खोटी काडतुसं घालून रोज थोडा वेळ चाप ओढणं, खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात. क्लबात महिन्यातून एकदा सहा-बारा बार. सुरुवातीला सात मीटरवर त्यांच्या गोळ्या ताटाएवढ्या गोलात पसरायच्या आणि सगळ्या खाली डावीकडे जायच्या. चाप ओढताना मनगट आपोआप झुकतं त्याचं ते लक्षण. मी त्यांच्या नकळत सिलिंडरमध्ये मधूनच एक खोटं काडतूस भरत असे. बार होत नाही आणि नळी मात्र टुणकन खाली जाते, तेव्हा माणसाला आपलं आपल्यालाच दिसतं. पावसाळा संपेपर्यंत गोल बशीएवढा झाला. या सगळ्यात एकही बार चुकला नाही. याचं श्रेय कानपूरला किती आणि वर्षाच्या आतल्या कोरड्या काडतुसांना किती, हे मी छातीठोक सांगणार नाही, पण माझं मत काडतुसांकडे झुकतं.

आता पुतण्याने स्वतःचा अर्ज टाकलाय. त्याला अजूनही पिस्तूलच हवंय, आणि त्याच्या बोटांना सरकपट्टी जड नाही. फक्त 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेलाय, तेव्हा मी नानांपुढे मांडलेला तो जुना कागद त्याला नव्याने भरावा लागेल. पट्टा आणि तिजोरी नाना देणार म्हणाले आहेत; काडतुसांचे पैसे त्याचे त्याने भरायचे.